वीतभर लांबनं काढल्याला फोटू

न्हाई न्हाई सायेब, आदी बसा तर खरं, टँकरला कुटं पळून जायाचंय? ड्रायव्हरला म्हनावं भोंगा वाजवू नगंस, त्या लिंबाच्या सावलीला लाव गाडी — आन तुमी जरा हळू बोला. हळू म्हंजे आगदी हळू. त्या पडद्याच्या पल्याड आमची मालकीण हाय. न्हाई वो, आजारी कशानं, ठणठणीत हाय, ऐकत बसलीया. आट दिस झालं निस्तं ऐकतीया, माझ्याशी एक अक्षर बोलली न्हाई. ते जाऊ द्या. तुमी काय म्हनत हुता? व्हय — मधुकरराव, सांगलीच्या फोटू मंडळाचं सेक्रेटरी, वळखलं की मी, तुमीच न्हाई का भर सभंत माझ्या हातात कप दिला, 'इस्लामपूरचे लालासाहेब, पहिला क्रमांक' म्हनून! आन त्या फोटूतली भेगाळल्याली जिमीन बगून मंडळातल्या लोकांना पाझर फुटला, समद्यांनी मिळून पान्याचा टँकर भरला, आन तुमी उनातानाचं इचारायला आलाय की बाबा लालासाहेब, ती जिमीन कुटल्या गावची, टँकर कुटं वतायचा? चांगला इचार हाय. लय चांगला इचार हाय. पर गाव काय, गाव पळून जातंय का? आदी फोटू कसा काढला ते ऐका. कलावंत मानूस तुमी, तुमाला न्हाई सांगायचं तर कुनाला, ह्या गल्लीतल्या म्हशींना?

ही बगा काच. हातात घ्या, घाबरू नगा, पितळी हाय, दगड हाय दगड. आमचं चुलतं दादासो मिलिट्रीत सुभेदार, त्येनी पठाणकोटास्नं एक रशियन कॅमेरा आनल्याला, त्येची ही काच. त्या कॅमेऱ्याची तऱ्हा अशी, की बगायची खिडकी येगळी आन फोटू धरायची काच येगळी. खिडकीत डोळा लावला की एका मानसाची दोन मानसं दिसायची, काच फिरवत फिरवत दोनाचा एक करायचा, एक झाला की दाब बटन. लांबचं असलं तर झकास काम. पर जवळ गेला की संपलं — खिडकी बगनार एकीकडं, काच बगनार दुसरीकडं, नवरा-बायकूसारखं! हे आमचं शेजारी बाळासो, त्येच्या लग्नात मी मंगळसूत्र बांदताना पार जवळ घुसलो, हितनं तितनं आट फोटू हानलं, खिडकीत मंगळसूत्र चकचक करतंय — आन रोल धुतला तर आटीच्या आटीत भटजींचं प्वाट. बेंबीसकट. बाळासोची आई म्हनली, आल्बमात लावायचं काय, भटजींचं बारसं?

तर त्यो कॅमेरा गेला. दादासो उसाच्या ट्रॉलीवर चढून फोटू काडाय गेलं, कॅमेरा निसाटला, ट्रॉलीचं चाक वरनं गेलं, डबड्याची पोळी झाली. काच मातूर उडून पाचटात पडली, एक वरखडा न्हाई. मी ती रुमालात गुंडाळून ठिवली. मग पंच्यान्नव साली मी ह्यो जपानी कॅमेरा घेतला, आत आरसा असतोय त्यो — काचंतनं जे दिसतं तेच आपल्या डोळ्याला दिसतं, भटजींचं प्वाट यायची भीतीच न्हाई. म्हनलं, म्हातारीला ह्या नव्या घरात नांदवून बगू. कॅमेऱ्याच्या तोंडाचं टोपन घेतलं, त्येला भोक पाडलं, बोअरच्या पायपाचा बोटभर तुकडा, आतनं काळा कागद, वरनं एमसील — बसली की! पर सायेब, डोळा लावतो तर काय, समोरचा चौक दिसंना, येष्टी दिसंना, मानूस दिसंना, समदं ताक. मग ध्यानात आलं. जुन्या कॅमेऱ्यात ही काच रोलला चिकटून बसायची. ह्यात मदी आरसा, आरशाला हलाय जागा लागती, काच आपूआप फुडं सरकली, वर माझा पायप. आन काच फुडं सरकली की तिला निस्तं जवळचं दिसतं. वीतभर. वीतभराच्या पल्याड ठार आंधळी, आन वीतभराच्या आत — आईची आन सायेब — मुंगीच्या मिशा मोजून घ्या! महिनाभर मला दुसरं काय सुचंना. ज्वारीचा दाना काढला. नान्यावरचा सिंव्ह काढला. बाळासोचं नाक काढलं, त्येनं त्यो फोटू बगितला आन तीन दिस घराबाहीर पडला न्हाई, म्हनतो, लालासाहेब, एवढं समदं घिऊन मी मानसात हिंडत हुतो व्हय रं?

आं? व्हय, गाव. सांगतो की. जतच्या पल्याड हाय. लय पल्याड. कर्नाटकात? न्हाई वो, थोडं अल्याड. पर रस्ता वंगाळ, टँकर जायाचा न्हाई. ट्रॅक्टर बी जायाचा न्हाई. मी कसा गेलो? मी... चालत.

काय म्हनला? — हां. वीतभराच्या पल्याड काय दिसत न्हाई असं म्हनलो व्हय मी? म्हनलो खरं. मग दहा एकर रान त्यात मावलं कसं, असं तुमी इचारताय. हुशार हाईसा. सेक्रेटरी उगंच केलं न्हाई तुमाला.

ऐकलं का? तांब्या आपटला. ऐकू येतंय तिला समदं. आता तुमाला सांगायलाच पायजे, तुमचं पत्तर आलं न्हवं, मंगळवारी टँकर घिऊन येतो म्हनून, ते तिनं वाचलं. आन आज सकाळी मला निरोप धाडला. घरातल्या घरात, सायेब! ती चुलीपाशी, मी बाजंवर, मदी बाळासोला बोलवून आनल्याला, आन त्यो पोष्टमनसारखा हिकडनं तिकडं — 'लालासाहेब, वहिनी म्हनत्यात, च्यात साखर संपलीया.' 'लालासाहेब, वहिनी म्हनत्यात, त्या सांगलीच्या सायबाला आज बी जतच सांगितलं, तर दोनच्या गाडीनं मी पाटनला म्हायारी जानार, आन परत यायची न्हाई.' पिशवी भरून ठिवलीया तिनं. किती वाजलं तुमच्या घड्याळात? दीड? दीड कसं वाजलं एवढ्यात!

बरं, कान हिकडं करा. टाच हाय ती.

टाच. टाच वो, पायाची! मानसाची, व्हय, म्हशीला कुटं टाच असती? उजव्या पायाची. बसा, बसा, पानी प्या, घाम आलाय तुमाला. मी लबाड बोललो न्हाई सायेब, आटवा तुमी. मी फोटूला नावच दिलं न्हवतं. खाली 'दुष्काळ' अशी चिठ्ठी चिकटवली ती तुमच्या मंडळानं. 'जतकडचं रान दिसतंय' हे बी तुमच्यातल्याच एका चष्मेवाल्यानं म्हनलं, मी निस्ती मान हलवली. मान हलवायचं पाप झालं, तेवढं कबूल. आन मग एकेक काय बोलाय लागलं! परीक्षक म्हनले, ही कडंकडंची रेघ म्हंजे गुरांची पायवाट, गुरं पान्याच्या वासानं गेली आन परत आली न्हाईत — रडले वो त्ये! दुसरे म्हनले, आन ह्यो काळा ठिपका बगा, ही आटलेली हीर. हीर कुटली! बिब्बा हाय त्यो! भेगंत बिब्बा तापवून घातला की डाग पडतोय, त्यो डाग. आता परीक्षक डोळं पुसायल्यात, त्येंच्या हातात हात देऊन मी काय सांगू, की सायेब, ती हीर न्हवं, आमच्या मंडळींचा बिब्बा हाय?

आन ती तिसऱ्या रांगेत बसल्याली. नवं लुगडं नेसून, गजरा बिजरा माळून, नवऱ्याला बक्षीस मिळतंय म्हनून गल्लीला पेडं वाटून आल्याली. तुमी पडदा वडला, दारायेवढा फोटू, समद्या सभंला रान दिसलं — तिला बिब्बा दिसला. सोताचा बिब्बा बाई इसरल व्हय? तितं एक शब्द बोलली न्हाई. येष्टीत बोलली न्हाई. तवापास्नं बोललीच न्हाई.

मला वाटलं, टाच चवाट्यावर आनली म्हनून राग असंल. तसं न्हाई. बाळासोकरवी खरं काय ते कळलं. लगीन होऊन बावीस वर्सं झाली, फोटूवाल्याची बायकू, दुकानाच्या बोर्डावर तिचं नाव, आन अख्ख्या घरात तिचा एक फोटू न्हाई. न्हाई म्हनायला लग्नातला हाय, त्यो दादासोंनी त्याच रशियन डबड्यानं जवळ जाऊन काढल्याला, गळ्यापास्नं खाली. हार हाय, हातात नारळ हाय, डोस्कं न्हाई. शेजारी खाली पाटावर बसल्याला मी मातूर अख्खा, दात काढून. पुना कवा तरी काढू, काढू म्हनता म्हनता ऱ्हाऊन गेलं. आन बावीस वर्सांनी नवऱ्यानं कॅमेरा लावला त्यो टाचंला, आन ती बी हिची म्हनून न्हाई सांगितली, जतची म्हनून सांगितली!

खरं सांगू सायेब? दारात तांदूळ निवडत बसली हुती, उनाकडं पाय पसरून. तिरपं ऊन पडल्यालं. मी म्हनलं, बगू, काचंला काय दिसतंय. वीतभरावर गेलो, आन बगतो तर काय. एवढ्या भेगा! बावीस वर्सं माझं फोटू ती धुतीया, त्या अंधाऱ्या खोलीत, वल्या फरशीवर अनवानी हुबी ऱ्हाऊन, आन मला कवा कळलंच न्हाई, मला वाटायचं पाय हायत, चालत्यात. मला लाज वाटली. लय वाईट वाटलं. आन मग मी काय केलं? खोबऱ्याचं त्याल आनलं? न्हाई. फोकस केला.

मग खरं का न्हाई सांगितलं, म्हनताय. आवं, कप! ह्यो कप बगा, रोज सकाळी मी पुसतो. तीस वर्सं पासपोर्ट, ओळखपत्र, बारशाची पोरं, कारखान्याच्या सभंत हार घालताना चेरमन. 'ओ फोटूवाले, हिकडं या, तिकडं सरका.' मला जलमात कोन कलावंत म्हनलं न्हवतं. तुमी म्हनला. त्यो शब्द सोडवंना बगा मला. टाच म्हनून सांगितलं तर तुमी हसनार, कप काढून न्हेनार, पेपरात यिल, गल्लीत मला टाचवाला म्हनतील —

काय झालं? टँकर? आयला, व्हय की! आवं, तीन दिस नळाला पानी न्हाई आमच्या गल्लीत, टँकर हुबा दिसला की बाया कळशा घिऊन रांग लावनारच, त्येंना वाटलं नगरपालिकेचा. बसा तुमी, आता न्हाई थांबायच्या त्या, तुमच्या ड्रायव्हरनंच नळी सोडलीया बगा, हसतोय बी! जाऊ द्या. कुटं तरी वतायचाच हुता.

किती वाजलं? दोनला पाच कमी?

बास. बास झालं. हळू काय बोलायचं, मोठ्यानं सांगतो, लिव्हून घ्या तुमच्या वहीत — ती जतची जिमीन न्हवं! ती माझ्या बायकूची टाच हाय! विजयमालाची! विजयमाला लालासाहेब, मुक्काम इस्लामपूर, आन त्यो फोटू जर चांगला असंल तर तिच्यामुळं चांगला हाय, मी निस्तं बटन दाबलं! घ्या ह्यो कप, घिऊन जावा, मंडळाला सांगा लालासाहेब लबाड निघाला! घ्या म्हनतो न्हवं!

...

थांबा. ठिवा. ठिवा त्यो कप, तितंच ठिवा. बोलली! आतनं बोलली, तुमी ऐकलं का न्हाई? म्हनती — टाच माझी, कप बी माझा, सांगलीला काय न्ह्यायाचा न्हाई.

आगं ये की भायेर. ये. सायेब आपलंच हायत. उठा वो सायेब, तिला बसू द्या इस्टुलावर. अशी. जरा हिकडं तोंड. न्हाई, ही म्हातारी काच न्हाई, आज साधी लावतो, लांबची, तू अख्खी मावशील अशी. पदर असू दे तसाच. कप घे मांडीवर... हसायचं तर हस, न्हाई तर नगं हसू, पर हिकडं बग. आशी इतक्या वर्सांत मी तुला —

सायेब, दारात हुबं ऱ्हाऊ नगा. उजेड अडतोय तिच्या तोंडावरचा. जावा आता.