कुत्र्याला लिहून दिलेली झोप

जनावरांच्या दवाखान्यात मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या बाईंचे कान केव्हाचे समोरच्या बाकाकडे लागले होते. तिथे म्हातारा मेंढपाळ होता, त्याची बायको होती आणि दोघांच्या पायाशी त्यांचा राखणीचा कुत्रा.

“डॉक्टरांना नीट सांगा, गेल्या आठवड्यात हा उन्हात कोसळला तेव्हापासून काय काय पाळतो ते.”

“सांगतो गं. आता पहाटे पळवतो त्याला, नाहीतर ऊन उतरल्यावर. आधी जमिनीला तळहात लावून बघतो. चटका बसला, तर बाहेर नाही.”

“आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली दुपारची झोप?”

“घेतो की तो.”

“तुम्ही उभे असताना घेतो? तुम्ही काठी उचलली की हा निघालाच. बांधला तर दोरी तोडतो.”

“म्हणून तर मीही आडवा होतो ना! मेंढ्या सावलीत, आम्ही दोघं सावलीत. नाइलाज आहे.”

“घोरता चांगले.”

“मग काय करू? नुसते डोळे मिटले तर ओळखतो लबाड.”

“चाळीस वर्षं मी घसा कोरडा केला, दुपारी जरा पाठ टेका म्हणून.”

“तुझं वेगळं. इथे याच्या जिवाचा प्रश्न आहे.”

“हो, याच्याच.”

डॉक्टरांनी दार उघडलं. म्हातारा वाकून कुत्र्याची दोरी सोडवत होता, तेवढ्यात बायको लगबगीने डॉक्टरांच्या कानाशी लागली.

“कुत्रा ठणठणीत आहे हो. पण त्याची दुपारची झोप तेवढी हिवाळ्यातही चालू ठेवायला सांगा.”