टाइम ऑफिसमधली ती चूक वामनकाकांची नव्हती

काकू, मॅनेजर साहेब आणि कँटीनमध्ये जमलेल्या मंडळींनो,

मला शोकसभेतच काय, कुठल्याच सभेत बोलायची सवय नाही. लिहून आणलंय, तेच वाचते. आज बोलले नाही तर पुन्हा धीर होणार नाही.

वामनकाका गिरणीच्या टाइम ऑफिसचे हेडक्लार्क. गेल्या वर्षी कॉम्प्युटर आला आणि कामगारांची हजेरी त्यात भरली जाऊ लागली. पासवर्ड दोघांनाच दिले होते, त्यांना आणि मला. मी माझा टाइप करू लागले की काका उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. मला हसू यायचं.

"काका, तुम्ही पाहिलं तर काय होईल?"

"पोरी, मले माहीत नसलं त माह्या तोंडातून निघणारच नाई. कोणाले सांगू नको, लिहून ठेवू नको, अन् घरच्या कोणाचं नाव त ठेवूच नको."

मी दोन गोष्टी पाळल्या. तिसरी नाही. माझं लग्न नुकतंच झालं होतं. मी ह्यांचं नाव घेत नाही. मला वाटलं, जे नाव माझ्या तोंडून निघतच नाही, ते कोणाला कसं कळेल? मंडळी, ते नाव आमच्या दारावरच्या पाटीवर होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुमच्याच घरच्या बायकांनी ते माझ्याकडून उखाण्यात घ्यायला लावलं होतं. हे मला तेव्हा सुचलं नाही.

मग एका सकाळी अकरा बदली कामगारांचे हजेरीचे दिवस कमी झालेले दिसले. कायम होण्यासाठी मोजले जातात, ते दिवस. कॉम्प्युटरमधून जो कागद छापून निघाला, त्यावर माझ्या पासवर्डची खूण होती. काकांनी तो आधी पाहिला. घडी केली, खिशात टाकला आणि साहेबांकडे जाऊन म्हणाले, "माह्या पासवर्डनं झालं. कुठं तरी बोललो असन मी."

मी मागून धावत गेले. ते म्हणाले, "तुही नोकरी कच्ची हाय, माही पक्की. चूप बस."

मी चूप बसले.

काकांनी जुनी मस्टरं काढली आणि एकेका कामगाराचा एकेक दिवस जुळवून परत आणला. अकराही जणांचा. मग त्यांची बदली गोदामाच्या फाटकावर झाली. याच कँटीनमध्ये कोणी तरी म्हणालं, "म्हातारा कुलूप लावाचं सोडून कॉम्प्युटर शिकाले गेलता." सगळे हसले. मी चहा पीत होते. मी मान वर केली नाही.

माझा पासवर्ड कोणी वापरला, ते आजही कळलेलं नाही. तो माणूस कदाचित इथेच बसला असेल. मी रोज सगळ्यांच्या बोटांकडे पाहते. पासवर्ड दर आठवड्याला बदलते, तरी टाइप करताना मान मागे वळते. आणि मागे भिंतीकडे तोंड करून कोणी उभं नसतं.

मी उशिरा शाळेत गेले. त्याआधी अल्लीपूरला घरीच आत्या शिकवायची. पाटीवर चुकलं की म्हणायची, "पुसू नको, आधी मले दाखव." काकांनी खिशात टाकलेला तो कागद नंतर माझ्या हातात दिला होता. म्हणाले होते, "भेव गेलं का फाडून टाकजो." भीती गेली नाही. कागद माझ्याकडे आहे.

तो पासवर्ड आता चालत नाही, म्हणून सांगते. मधुकर. ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांनाही हे आत्ताच कळतंय.

काकू, तुमच्या माणसाकडून चूक झाली नव्हती. मला माफ करा म्हणायचाही धीर होत नाही.

साहेब, हा कागद टेबलावर ठेवला. माझ्या नोकरीचं काय करायचं ते ठरवा, पण दोन मिनिटांनी. आधी सगळे उभे राहू या. आणि एक विनंती आहे. फोटोकडे नको, भिंतीकडे तोंड करून उभे राहू. काका राहायचे तसे.