मुकीकडे जायचं असेल तर

—आणि हे बघ, 'मला लोकांना मदत करायला आवडतं' हे वाक्य मुलाखतीत अजिबात बोलायचं नाहीस. सगळ्याजणी तेच बोलतात. मीही बोलले होते, तेव्हा समोरचे तिघे एकमेकांकडे बघून हसले होते—का हसले ते आता कळतं. त्यापेक्षा सांग, माणसं अशी का वागतात ते मला कळत नाही, म्हणून आले. खरं असेल तर, हं. आणि ती खुर्ची सोड बाई, तिचा पाय हलतो, इकडे बस. शेजारी खेळाच्या सामानाची खोली आहे, पोरं भिंतीवर चेंडू आपटतात, दचकू नकोस—तुला काय सांगायचं म्हणा, आठवीत असताना तू याच खोलीत येऊन बसायचीस. एक अक्षर बोलायची नाहीस. मीच आपली बोलत राहायचे. आणि आता मानसशास्त्राची पदवी घेऊन आलीस मला विचारायला, की मॅडम, पुढे काय करू? बरं वाटलं गं. खरंच. नाहीतर हल्ली मला कोण विचारतं?

तर पुढे काय—लगेच कमवायचं असेल तर कंपन्यांत जा, माणसं भरतीच्या कामाला आपली पोरं घेतात. शाळेत येण्याआधी मी तेच करत होते. माणसं निवडायचं काम म्हणतात त्याला, खरं तर गोड बोलून नाकारायचं काम. पण पगार वेळेवर आणि खोली थंडगार. हल्ली मोबाइलची ॲप बनवणारेही बोलावतात आपल्या लोकांना—कोण कुठलं बटण का दाबतो ते बघायला. खेळाडूंबरोबर काम करता येतं. व्यसनमुक्ती केंद्रं आहेत—तिथे कातडी जाड लागते, रोज खोटं ऐकायचं आणि रोज विश्वास ठेवायचा. शाळा आहेत, ही बघ, अशी, समुपदेशक म्हणून—शिक्षक रजेवर गेला की तुला वर्गावर पाठवतात, म्हणतात, तुम्हाला काय, तुम्ही नुसत्या बोलत तर बसता. आणि संशोधनात जायचं तर—तोंड वाकडं करू नकोस, संख्याशास्त्राला पर्याय नाही. ते पक्कं कर. रिपोर्ट साध्या भाषेत लिहायला शीक. आणि पेशंट बघायचे असतील ना, तर एम.ए. करून भागत नाही, त्यापुढे इस्पितळात कोणाच्या तरी हाताखाली प्रशिक्षण, मग परवाना. लांबचा रस्ता आहे तो. मी नाही घेतला. घेता आला असता—विद्यापीठात पहिली आले होते मी! पण तेव्हा नोकरी चालून आली, लग्न ठरलं, म्हटलं, कोण वर्षानुवर्षं वेड्यांच्या इस्पितळात घालवणार?

मुकीने घालवली.

मुकी म्हणजे माझी हॉस्टेलमधली जोडीदारीण. आम्हीच ठेवलेलं नाव. वर्गात शेवटच्या बाकावर, तोंडातून शब्द नाही. वादविवादाचे कप मी आणायचे, ते पुसून कपाटावर ठेवायची ती. संख्याशास्त्र तर मी शिकवलं तिला, रडकुंडीला यायची गं ती साध्या सरासरीला! सर म्हणायचे, या पोरीचं अवघड आहे, जो विषय बोलण्याचा, तीच बोलत नाही. आणि आज बघ—चष्म्याच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर मोठं क्लिनिक. दोन-दोन आठवडे नंबर लागत नाही म्हणे. बाहेर माणसं अशी बसलेली असतात, जशी काही—

काय? काय म्हणालीस? तिथे? तिच्याकडे? अगं, म्हणजे तुला तिने घेतलंय? मदतनीस म्हणून?... वर्षभर... आणि दुसरीकडे भरतीच्या कंपनीचंही पत्र आलंय, म्हणून मला विचारायला आलीस, की कुठे जाऊ. हं. हे आधी सांगायचं ना. मी आपली मघापासून सगळे रस्ते मोजून दाखवतेय.

नाही, चांगली आहे ती. कामाला चांगलीच आहे. कोण नाही म्हणतंय? फक्त—आता तू जाणारच आहेस तिकडे, तर कळू दे तुला. माझी लेक माहीत आहे ना? तुझ्यापेक्षा थोडी मोठी. उंच. तीच. मागच्या वर्षी शिक्षण अर्ध्यावर सोडून घरी आली आणि खोलीचं दार लावून बसली. जेवण दाराशी ठेवायचं, ताट तसंच परत. मी काय नाही केलं? रोज तिच्या पलंगाच्या कडेला बसून बोलले. समजावून बोलले, रागावून बोलले, जे जे शिकले होते ते सगळं वापरून बोलले. तिचा बाप म्हणाला, अगं, तिला जरा श्वास घेऊ दे. मी म्हटलं, हे माझं क्षेत्र आहे, तुम्ही मध्ये पडू नका.

मग एकदम बाहेर पडायला लागली. लायब्ररीत जाते म्हणायची. मी मनात म्हटलं, आलं माझ्या बोलण्याला यश. शाळेत सगळ्यांना सांगितलंसुद्धा! आणि एक दिवस चष्म्याची काडी तुटली म्हणून त्या दुकानात गेले—काउंटरशी उभी आहे, आणि बाजूच्या जिन्यावरून माझी लेक उतरतेय. मुकी तिला सोडायला खालच्या पायरीपर्यंत आलेली. आणि माझी पोरगी हसत होती. किती महिन्यांनी तिचे दात दिसले मला, आणि तेही काचेतून, फ्रेमांच्या रांगेमागून. मी काय केलं असेल? हाक मारली? नाही. खाली वाकले. आरशात चष्मे लावून बघत राहिले, एकामागून एक, ती जाईपर्यंत.

मग गेले वर. पेशंटसारखी बाकावर बसले. मुकीने आत बोलावलं, पाणी दिलं. मी म्हटलं, काय बोलते ती तुझ्याशी? म्हणाली, ते नाही सांगता येणार. म्हटलं, मी तिची आई आहे! म्हणाली, माहीत आहे गं. बास, एवढंच. मग मीही सोडली नाही. म्हटलं, मैत्रिणीच्या मुलीला घ्यायचं नसतं, नियम आहे, मला शिकवू नकोस. तर ही बाई थोडा वेळ गप्प बसली—तिचं ते गप्प बसणं, लोक त्याचेच पैसे देतात!—आणि म्हणाली, मी तिला दुसऱ्यांकडे पाठवलं होतं. दोनदा. ती परत आली. आणि आपण शेवटचं कधी बोललो होतो, आठवतं तुला?

आता सांग, हे बोलणं झालं?

नाही नाही, बरी आहे आता लेक. एका रोपवाटिकेत कामाला जाते. टेबलावर जेवायला बसते. मीठ दे म्हणते, पंखा लाव म्हणते. मला आनंद झाला. झालाच. आई आहे मी. पण आनंद झाला की लगेच मनात येतं—हे तिने केलं. मुकीने. मी नाही. पोरगी माझी, दुखणं माझ्या घरातलं, आणि बरं करणारी ती. वाईट वाटून घ्यायला हवं होतं आधी पोरीचं, आणि मला वाईट कशाचं वाटलं, तर ती माझ्यासमोर तशी हसली नाही याचं. हे कुठल्या पुस्तकात नाही लिहिलेलं. निदान मी वाचलं नाही.

भरतीची नोकरी घे, असं म्हणणार होते मी तुला. खरंच म्हणणार होते. पण तू तिकडे गेलीस तर—तुला थेट पेशंट थोडेच बघू देणार आहे मुकी, सुरुवातीला फोन घेशील, बाहेर बसलेल्या माणसांची नावं पुकारशील. शनिवारी दुपारी ती येते. माझी लेक. अजून जाते, मला माहीत आहे, मी विचारत नाही. तर—ऐक ना, जरा पुढे ये. तू तिथे बाहेरच्या खोलीत असशील. आत काय बोलणं होतं ते नको मला. तेवढं कळतं. फक्त ती बाहेर येताना तिचा चेहरा कसा असतो, एवढं सांगशील? रडून येते का? माझं नाव निघालं असं कधी वाटलं तर? एवढंच गं. फोन नको करूस, इथे येऊन सांग, चहाला ये म्हणून. कोणाला काय कळणार आहे?

...

मान हलवतेयस. नाही? नाही म्हणतेयस तू मला?

आठवीतली पोर, माझ्यासमोर बसून—

ठीक आहे. तिकडेच जा मग. तिला अशाच लागतात. नाही, मी रागावले नाही, शेजारी चेंडूचा आवाज फार आहे म्हणून मोठ्याने बोलतेय. ऊठ, पुढच्या तासाचा विद्यार्थी येऊन बाहेर उभा असेल. आणि ते दार उघडं टाकू नकोस—लावून घे. पूर्ण लाव.