गळ्यावर वस्तरा आणि दाजींना डुलकी

आणि लोक मलाच विचारतात, "काय हो, तुम्ही ओरडला का नाहीत?" ओरडला का नाहीत म्हणे! अहो, गिऱ्हाइकाचा गळा, गळ्यावर फेस, फेसावर पातं आणि पातं धरणारा माणूस उभ्याउभ्या गाढ झोपलेला... तुम्ही ओरडला असतात? ओरडलं की तो दचकणार, दचकला की हात हलणार, हात हलला की... नको, बोलवत नाही मला. तुम्हाला सांगतो, डुलकी कुणाला येत नाही? कारकुनाला येते, मास्तरला येते. पण त्यांच्या हातात काय असतं? पेन! खडू! इथे हातात वस्तरा!

हे आमचे दाजी, माझ्या थोरल्या ताईचे यजमान. केस कापायचं दुकान त्यांचं. दोन खुर्च्या, दारालगतची त्यांची, आतली माझी. तीस वर्षांत कुणाच्या कानाला ओरखडा नाही! पण गेलं वर्षभर काय झालं कुणास ठाऊक, माणूस पेंगायला लागला. घास हातात घेऊन पेंगायचे! मी विचारायचो, "दाजी, रात्री झोपत नाही का?" तर म्हणायचे, "अरे, दहाला आडवा होतो, सातला उठतो. आणि उठतो तो असा, की रात्रभर कुणी पोती वाहायला लावली होती!" ताईचं म्हणणं भलतंच. "झोपत नाहीत? भिंती हादरतात यांच्या घोरण्यानं! मी कानात कापसाचे बोळे घालते म्हणून संसार टिकलाय!"

तर त्या दुपारी एक नवीन गृहस्थ आले. कोपऱ्यावर नुकताच दवाखाना थाटलेले दातांचे डॉक्टर. "दाढी," म्हणाले, मान मागे टाकली, डोळे मिटले. दाजींनी फेस केला, नवी पत्ती चढवली, एक गाल उरकला, हनुवटीखाली आले... "तर डॉक्टर, आमच्या घरमालकानं काय करावं..." आणि वाक्य तिथेच अडकलं. मी आतल्या खुर्चीवर एका निवृत्त पोस्टमनचे केस कापत होतो. दाजी बोलता बोलता थांबतात म्हणजे काय? आरशात बघतो तर डोळे मिटलेले, तोंड उघडं, घर्रर्र... आणि हातात वस्तरा!

डॉक्टरांनी डोळे उघडले. माझे पाय जमिनीला खिळलेले. एवढ्यात घोरणं एकदम बंद! वाटलं, सुटलो, उठतील आता... कसले उठतात! श्वासच बंद! छाती हलेना! आणि डॉक्टर, ओठसुद्धा न हलवता, दातांतल्या दातांत म्हणतात, "मनगट धर... झटका येईल..." दोन ढांगांत पोचलो, दोन्ही हातांनी मनगट आवळलं, आणि त्याच क्षणी दाजींच्या नरड्यातून "हॉक्!" अख्खा देह उसळला हो, मनगट तेवढं सोडून! आणि डोळे उघडून दाजी काय म्हणतात? "...जिन्यालाच कुलूप लावलं!"

पोस्टमन पळाले. अर्ध्या डोक्यानिशी, गळ्यातल्या कापडासकट! मला वाटलं, डॉक्टरही पळणार. पण त्यांनी दाजींना त्यांच्याच खुर्चीत बसवलं, मोबाइलची बत्ती लावली आणि, स्वतःच्या एका गालाला फेस तसाच, म्हणाले, "आ करा." मग म्हणाले, "खालचा जबडा मागे आहे तुमचा. झोपलात की जीभ मागे पडत असणार, श्वासाची वाट बंद होत असणार. पण माझ्या अंदाजावर जाऊ नका. आधी झोपेच्या डॉक्टरांकडून तपासणी."

दाजी पांढरेफटक. त्यांचं एकच, "माझा हात कुठे होता? सांग ना, कुठे होता?" मी माझ्या गळ्यावर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी वस्तरा पुसला, मिटला आणि माझ्या खणात ठेवला. "मी आता कात्रीसुद्धा धरणार नाही." परोपरीनं सांगितलं, ऐकतील तर शपथ! दुसऱ्या दिवसापासून तीस वर्षांचा कारागीर दुकानात बसून टॉवेलच्या घड्या घालतोय. लोक दारातून डोकवायचे, कोण कुठे उभा आहे ते नीट बघायचे, मगच आत यायचे. अहो, त्या माणसाला ते दिसत नसेल?

तपासणी झाली. बोटाला चिमटा, छातीला पट्टा, नाकाशी नळी, आणि झोपायचं घरीच. निकाल? तासाला सव्वीस वेळा श्वास अडतो! सव्वीस! ताई मटकन खालीच बसली. "म्हणजे हे शेजारी गुदमरत होते, आणि मी कानात बोळे घालून..." रात्रीत दोनशेच्या वर झाले हो! माणूस दोनशेदा गुदमरून सकाळी दुकान उघडत होता, आणि आम्ही म्हणत होतो, आळशी झाला!

आधी हवेचं यंत्र दिलं, रात्रभर नळीतून हवा सोडून श्वासाची वाट उघडी ठेवणारं. तोंडावर त्याचा मुखवटा चढवला की दाजी अंगावर पाल पडल्यासारखे उठून बसायचे. महिनाभर झटापट केली, शेवटी झोपेच्या डॉक्टरांनीच चिठ्ठी देऊन आपल्या कोपऱ्यावरच्या दातवाल्यांकडे धाडलं. त्यांनी मापं घेतली, वरच्या दातांना एक साचा, खालच्यांना एक. घालून झोपलं की खालचा जबडा पुढेच राहतो, जीभ मागे पडत नाही. बाजूला बारीक स्क्रू, दर काही दिवसांनी किल्लीनं जरासा फिरवायचा. किल्ली ताईकडे! ताई म्हणते, "लग्न झाल्यापासून यांच्या तोंडाची किल्ली शोधत होते!" आणि पहिल्या सकाळी उशी ओली, दाढ दाढेला लागत नाही, आणि दाजी म्हणतात, "थकाळ झाली?" ताई किंचाळली, तिला वाटलं अर्धांगाचा झटकाबिटका आला! मग डॉक्टरांनी उठल्यावर चावायला पट्टी दिली, तासाभरात दात ताळ्यावर.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी, तो साचा घालून. सव्विसाचे पाच! दुपारचं पेंगणं बंद! तरी दाजी घड्याच घालतायत. तेव्हा एक दिवस डॉक्टर आले आणि थेट दारालगतच्या खुर्चीत बसले. "दाढी."

दाजी म्हणाले, "डॉक्टर, याच्याकडे करा."

"याचा हात जड आहे," म्हणाले. माझ्या तोंडावर! आणि मान मागे टाकली.

मी खण उघडून वस्तरा काढला. दाजींनी हात पुढे केला तो थरथरत होता. फेस लावला, बोटांनी कातडी ताणली, आणि काय सांगू... हात थांबला. दगडासारखा स्थिर! मी मागे दोन्ही पंजे उघडून उभा. डॉक्टरांनीही, खोटं कशाला बोलू, एक डोळा शेवटपर्यंत उघडा ठेवला. पण ओरखडा नाही! दाजींनी टॉवेलनं आधी त्यांचा चेहरा पुसला, मग पाठ फिरवून स्वतःचा.

गोड झालं म्हणता? झालं ना! आता दाजी पहाटे चारला टक्क जागे, टवटवीत, आणि पाचला मला फोन, "उठलास का रे? दुकान उघडलंय!" पाच वाजता दाढीला कोण येतं हो? चिटपाखरू नाही! दोघंच बसतो, आणि वर्षभर अर्धवट राहिलेली सगळी वाक्यं ते पुरी करतात. शेवटी मीच गेलो डॉक्टरांकडे. म्हटलं, यावर काही उपाय? म्हणाले, "यावर तोंडात घालायचं आमच्याकडे काही नाही. तोंड मिटून सोसायचं."