ओल तिथे अध्यक्ष

नगरपालिकेच्या रांगेत माझ्या पुढे दोन म्हातारे उभे होते.

"अहो, भिंतीवर एवढे माजी अध्यक्ष, पण फोटो असे कुठेही का टांगलेत?"

"जिथे ओल येते, तिथे एक अध्यक्ष टांगतात. छप्पर दुरुस्त करण्यापेक्षा सोपं पडतं."

"आणि तो कोपऱ्यातला, दाराएवढा?"

"ते पहिले अध्यक्ष. त्यांच्यामागे भगदाडच आहे. म्हणून पुसायलासुद्धा कुणी हलवत नाही त्यांना."

"बरीच माहिती आहे तुम्हाला! इथे नोकरीला होता का?"

"छे हो, अध्यक्ष होतो. माझ्या कारकिर्दीत मीच दोघांना टांगलं. आता माझा फोटो लावा म्हणून दिवाळीपासून खेटे घालतोय."

"मग काय म्हणतात?"

"म्हणतात, साहेब, पावसाळ्यापर्यंत थांबा."