स्टँड काढाचा नाही!

...तं काहून नाही चिडायचं, तुम्हीच सांगा! सरकारनं आम्हा बायाइले सायकल शिकवाले अनुदान धाडलं, पण ते शिकवण्याचं होतं, सायकलीचं नव्हतं! म्हंजे पोहणं आम्ही शिकवतो, पाणी तुम्ही घरून आणा!

मी दवाखान्यातली दाई. कोराडीकडच्या खेड्यांत बाळंतपणं करते. जीप एकच, अन् तीबी आधी साहेबाच्या पाहुण्यांसाठी, उरली तं माह्यासाठी. मागच्या पावसाळ्यात एक बाई माही वाट पाहता पाहता गेली... म्हटलं, सायकल आली तं जीपवाल्याच्या तोंडाकडे पाहाची गरज नाही.

तं शिकवाले नेमलेल्या मधुसूदन मास्तरनं शहरातून, महाल भागातल्या दुकानातून सायकली भाड्यानं आणल्या अन् पहिल्याच दिवशी फर्मान, "बायाहो, स्टँड काढाचा नाही! मोडतोड झाली तं दुकानदाराले काय सांगू? अनुदानात पडणं बसत नाही!" मंग काय, लुगडी खोचून चढलो, मारून राहिलो पायडल! चाक फिरते गरगर, अन् समोरचा कडूनिंब तिथंच! "मास्तर, हा निंब काहून नाही सरकून राहिला?" "बाई, लक्ष समोर! आता डावीकडे वळा." स्टँडवर! आमची नर्स पुष्पलता तं वळताना हात दाखवे, घंटी वाजवे... कोणाले वाजवून राहिली वं? पण नाही, स्टँड काढाचा नाही!

समारोपाले मोठे साहेब आले. सायकलींले हार घातले, आम्ही जागच्या जागी पायडल मारून राहिलो, अन् साहेब टाळ्या वाजवतात, "वा वा, काय वेग आहे!" माह्या डोक्यातच गेलं. म्हटलं, आता पडतेच धाडकन याच्या पायाशी, समजू दे काय शिकवलं ते! दिला कमरेनं हिसका, स्टँड खटकन मागं! मास्तर बोंबलला, "बाई, स्टँऽऽड!" पण बाप्पा, पटांगणाले उतार होता! खुर्च्यांच्या मधून, चपराश्याच्या बाजूनं, सरळ रेघेत गेली मी, अन् फाटकाले अलगद टेकली. जन्मभर जिथं तिथं पडली, मंग नेमकी तिथंच काहून नाही पडली मी?

"शाब्बास! बाई पूर्ण तयार आहेत!" साहेब म्हणे. म्हटलं, "साहेब, तो उतार होता!" तं म्हणे, "किती हा नम्रपणा!"

संध्याकाळी सायकली दुकानात परत. अन् सोमवारपासून माही जीप बंद! डॉक्टर म्हणते, "बाई, तुम्ही आता सायकलवाल्या." "सायकल कुठं हाय जी?" "त्याचं अनुदान वेगळं. येईल."

परवा रंभाबाईच्या सुनेच्या कळांचा निरोप आला. भर उन्हात पायी निघाली, धापा टाकत पोचली, तं पोरगं जन्मून, न्हाऊन, झोपूनबी गेलेलं! सून पांढरीफटक, पण जित्ती. सगळं त्या म्हातारीनंच निभावलं होतं. मले म्हणते कशी, "या, बसा. आता आल्याच आहा तं गोठ्यात जाऊन म्हशीले पाहा, तिलेबी सकाळपासून कळा सुरू हायेत."

गेली गोठ्यात. काय करता? दाईची वाट पाहणारं तेवढंच उरलं होतं.