पिवळा रंग

धाकटा : सही कर आणि मोकळी हो, ताई. समितीतल्या बाकी सगळ्यांच्या झाल्यात. तुझ्या एकटीपायी अहवाल अडलाय.

ताई : वाचलास का तू तो?

धाकटा : त्यातला नकाशा माझाच आहे.

ताई : नकाशा सोडून?

धाकटा : एवढा वेळ कुणाला असतो? साहेब म्हणाले, तुमची सख्खी बहीण आहे, तुम्हीच जा. आलो.

ताई : म्हणजे माझी समजूत काढायला आता भाऊ धाडायला लागले. बावीस वर्षं मी त्या डोंगरावरची झाडं आणि पाखरं मोजतेय. आणि पान नऊवर काय छापलंय? ‘वनक्षेत्र घटलेले नाही.’ एवढ्या एका ओळीवर तिथून रस्ता जाणार.

धाकटा : पण नाहीच घटलं. उपग्रहाच्या फोटोत वीस वर्षांपूर्वी जेवढं हिरवं होतं, तेवढंच आजही आहे. मी काही घरी बसून रंग भरले नाहीत.

ताई : दक्षिणेचा उतार हिरवा आहे?

धाकटा : आहे.

ताई : तिथे तेलाच्या ताडांची लागवड आहे. कवायतीला उभी केल्यासारखी, रांगेत. दोन तास चालले त्यातून. एका जातीचा पक्षी दिसला, तोही गावातला, वाट चुकलेला.

धाकटा : वरून बघताना झाड ते झाडच दिसतं, ताई. आतलं जंगल तरी तसंच आहे ना?

ताई : उभं आहे. तसंच नाही. माझ्या भिंतीवर फोटो आहे तो धनेश, मोठ्या चोचीचा, त्याचं घरटं माहीत आहे तुला?

धाकटा : नाही.

ताई : मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि तोंड आतून लिंपून घेते. चोचीपुरती फट ठेवते. तीन-चार महिने नर बाहेरून फळं आणून भरवतो. यंदा अख्ख्या डोंगरावर आम्हाला अशी एकच ढोली मिळाली. मी आणि वाटाड्या मामा रोज सकाळी समोर जाऊन बसायचो. अकराव्या दिवशी नर आला नाही.

धाकटा : मग?

ताई : दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मामांना ओढ्याशी त्याची पिसं सापडली. कुणीतरी मारला होता. मामा म्हणाले, वर चढतो, फट फोडतो. मी नको म्हटलं. चालू घरट्याला हात लावायचा नाही, असा आमचा नियम. शिवाय कधीकधी मादी आपणहून बाहेर येते. आणखी तीन दिवस मी वहीत ‘हालचाल नाही’ एवढंच लिहीत बसले. मग मामा मला न विचारताच चढले.

धाकटा : आणि?

ताई : ती आत होती. त्या दिवसांत तिची पिसं झडलेली असतात, उडता येत नाही. पोटाखाली एक पिल्लू. दोघंही गेलेली. मामा मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

धाकटा : हे बैठकीत सांगितलंस?

ताई : सांगितलं. अध्यक्षांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, म्हणजे एकूण पक्षी किती? मी म्हटलं, एक जोडी, एक पिल्लू. ते म्हणाले, परिशिष्टात टाका.

धाकटा : राग मानू नकोस, पण तीन पाखरांसाठी रस्ता कोण थांबवणार?

ताई : अरे, त्या रानातल्या मोठ्या झाडांची बी एवढी जाड, की ती गिळून लांब नेऊन टाकणारा दुसरा पक्षीच तिथे नाही. चाळीस वर्षं धनेश कमी होत आलेत, आता फळं झाडाखालीच पडतात. खच पडतो, रोपं उगवतात आणि गर्दीत तिथेच कुजून मरतात. त्या जातीचं चाळीस वर्षांच्या आतलं एकही झाड मला या खेपेला मिळालं नाही. म्हातारी झाडं आहेत, तोवर तुझा नकाशा हिरवा.

धाकटा : चाळीस वर्षांनंतरचं कुणी बघितलंय?

ताई : मग आजचं बघ. तुझे सासरे कोकोच्या बागेत काय करतात हल्ली?

धाकटा : तुला कुणी सांगितलं?

ताई : तुझ्या बायकोने. घरदार ब्रश घेऊन फुलाफुलाला पराग लावत बसतं म्हणे. ते काम एक चिलटाएवढा किडा करायचा. तो रानाच्या ओल्या पाचोळ्यात वाढतो. शेजारचं रान तोडून ताड लावले, पाचोळा सुकला, किडा गेला. हे कुठल्या रंगात दाखवलंस?

धाकटा : पिवळ्या.

ताई : काय?

धाकटा : माझ्या पहिल्या नकाशात लागवड पिवळी होती. दक्षिणेचा उतार पूर्ण, पूर्वेचा निम्मा. साहेब म्हणाले, फार रंग झाले की लोक गोंधळतात, एकच हिरवा ठेवा.

ताई : आणि तू ठेवलास.

धाकटा : मला वाटलं, वर कुणीतरी पकडेल. तू तरी पकडशील. मी वाट बघत बसलो.

ताई : तुला काय बोलणार. मीही तीन दिवस तेच केलं.

धाकटा : दे तो अहवाल इकडे. सही नको करूस. सांगतो, बहीण ऐकत नाही म्हणून.

(पाच आठवड्यांनंतर. फोनवर.)

धाकटा : रस्ता मंजूर झाला, ताई.

ताई : कळलं. माझ्या सहीच्या जागी ‘अनुपस्थित’ लिहिलंय. समोर बसून दोन तास भांडले मी त्यांच्याशी.

धाकटा : मी पिवळा नकाशा समितीतल्या प्रत्येकाच्या हातात दिला. एकाने विचारलं, यातला खरा कुठला? मी म्हटलं, हा. त्यांनी घडी घालून फायलीत ठेवला. आजपासून मी तळघरात, जुन्या कागदांच्या विभागात.

ताई : घरी सांगितलंस?

धाकटा : सांगितलं. बायकोने जेवायला वाढलं. तू वर कधी जातेयस?

ताई : सोमवारी. रस्त्याचं काम सुरू व्हायच्या आत पूर्वेची बाजू एकदा मोजून घेते. मामा येतायत.

धाकटा : आता मोजून कुणाला दाखवणार?

ताई : माहीत नाही.

धाकटा : अकरा वर्षं मी त्या डोंगराचे नकाशे काढतोय, आणि एकदाही पाय ठेवलेला नाही तिथे. मी येऊ?

ताई : ये. लांब मोजे घे, गुडघ्यापर्यंतचे. जळवा अजून आहेत.